अभिमन्यूला परतीची वाट कोण सांगणार?

दिवाळी अंकात औषधाच्या गोळ्यांविषयी लिहिणे हा औचित्यभंग आहे, हे मला कळते. चकलीला काटा आला की नाही आणि चिवड्यातले खोबरे करपले की काय, याची चर्चा चाललेल्या घरात असल्या विषयाला कुणी पाट मांडत नाही. परंतु वाचकहो, माझी तक्रार नेमकी दिवाळीतच जन्मली आणि फराळाभोवती बसलेल्या माणसांनीच ती वाढवली; तेव्हा ती इथेच मांडली पाहिजे. शिवाय ज्या घरांत हा अंक जाईल, त्यांतल्या काही घरांत तरी कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली किंवा देव्हाऱ्याच्या खणात गोळ्यांची एक चंदेरी पट्टी लपवून ठेवलेली असणार. तिच्याविषयी कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. २०१७ च्या मार्चमध्ये माझी पत्नी गेली. पावसाळा लागेपर्यंत माझी झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आणि एके दिवशी दहावीच्या वर्गात फळ्यावर साधे वर्गसमीकरण मांडून मी पुढची ओळच विसरलो व हातात खडू धरून तसाच उभा राहिलो. मुले हसली नाहीत. त्याचेच मला अधिक भय वाटले. त्या ऑगस्टात एका मनोविकारतज्ज्ञांनी मला एस्सिटालोप्राम नावाची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. पहिले काही दिवस नुसती मळमळ झाली. पाचव्या आठवड्यात मात्र एका सकाळी मला चक्क भूक लागली, आणि सूनबाईने केलेल्या थालीपीठावर लोणी मागून घेतले. त्या गोळीने मला वर्गात परत नेले. तेव्हा ‘रोगापेक्षा औषध भयंकर’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मला कृपा करून कुणी बसवू नये. माझे भांडण गोळीशी नाही. ती सुरू करणारी माणसे गावोगावी आहेत, आणि ती कशी उतरवावी हे सांगणारा शोधून सापडत नाही, हे माझे भांडण आहे.

अभिमन्यूने आईच्या पोटात असताना चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली. बाहेर पडण्याची सांगायची वेळ आली तेव्हा सुभद्रेला झोप लागली, अशी कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आमच्या बाबतीत फरक एवढाच, की ऐकणारे टक्क जागे असतात आणि झोप लागते ती सांगणाऱ्याला.

२०२१ साली मी निवृत्त झालो होतो, प्रकृती ठीक होती, आणि आपण आता या गोळीवाचून राहू असे मला वाटू लागले होते. डॉक्टरांना विचारले. दोन मिनिटांत उत्तर मिळाले : “आठवडाभर अर्धी घ्या, मग आठवडाभर एक दिवसाआड, आणि मग बंद.” ही योजना चिठ्ठीच्या कोपऱ्यात एका ओळीत मावली. चार वर्षे चाललेल्या औषधाचा निरोप चौदा दिवसांत!

वसुबारसेला शेवटची गोळी घेऊन दोन-तीन दिवस झाले होते. धनत्रयोदशीला सकाळी दाढी करताना मी डोळे बाजूला वळवले आणि डोक्याच्या आत विजेचा झटका बसावा तसे झाले. दुखले नाही, पण एक क्षणभर सारे जग तुटून पुन्हा जुळले. मग ते दिवसात पन्नास वेळा होऊ लागले. जिना उतरताना पायरी कुठे आहे ते समजेना. घाम, मळमळ, रात्री इतकी ठसठशीत स्वप्ने की सकाळी उठून खरे कोणते ते ठरवावे लागे. रेडिओवर सनईचे दोन सूर लागले तरी डोळ्यांना धार लागे. आणि दुसऱ्या क्षणी असा संताप, की माझा मलाच मी ओळखू येईना. पाडव्याच्या संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या नातवाने फुलबाजी जरा जवळ आणली म्हणून मी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि त्याच्यावर असा ओरडलो की शेजारचे गॅलरीत आले. एकतीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्यावर तसा ओरडलो नव्हतो. पोर दोन दिवस माझ्या खोलीत फिरकले नाही.

भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या अक्काने माझ्याकडे पाहून ओळखले. “बाळू, अरे गोळ्या कसल्या खात होतास इतकी वर्षं? सोडल्यास ते बरं केलंस. रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून येत जा, मन आपोआप ताळ्यावर येईल.” माझे मेहुणे लाडू फोडता फोडता म्हणाले, “सोडल्यावर त्रास होतो म्हणजे व्यसनच की हो ते! तंबाखूचंही असंच असतं.” अक्का माझ्यावर जीव टाकते आणि मेहुणे मनाने वाईट नाहीत. पण त्या क्षणी मला वाटले, की मी व्यसनी तरी आहे किंवा नादान तरी आहे. तिसरे काही असू शकते हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

दिवाळी संपताच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “गुरुजी, आजार उलटला. आता ही जन्माची सोबत.” आणि १० च्या जागी २० मिलिग्रॅम लिहून दिले. मी निमूटपणे घेतले. तिसऱ्या दिवशी झटके थांबले, चौथ्या दिवशी घेरी गेली, आठवड्यात मी पूर्ववत झालो. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली.

पण माझ्यातला गणिताचा मास्तर स्वस्थ बसेना. २०१७ साली हीच गोळी लागू पडायला पाच आठवडे लागले होते. मग आता आजारच उलटला असेल, तर तो तीन दिवसांत कसा बरा झाला? आणि मूळ आजारात डोक्यात विजा कुठे चमकत होत्या? तेव्हा मी सुन्न होतो, रडूही येत नव्हते. आता रडू आवरत नव्हते. लक्षणे निराळी, येण्याची वेळ निराळी, जाण्याची गती निराळी. तरी दोन्ही राशी समान आहेत असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य गुण दिले असते. गोळी सोडल्यावर काही दिवसांत उसळणारा, पूर्वी कधी नव्हती अशी लक्षणे घेऊन येणारा आणि गोळी परत घेताच झपाट्याने विरणारा जो त्रास, तो बहुधा औषध उतरण्याचा त्रास असतो. जुना आजार परततो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, चोरपावलांनी. हा भेद रोग्याला चिठ्ठीबरोबर सांगायला किती वेळ लागतो? मी इथे सांगितला, चार वाक्यांत झाला.

कुणी म्हणेल, हे शास्त्र नवे आहे, डॉक्टरांना तरी कसे माहीत असणार? नवे? उदासीनतेवरच्या पहिल्या औषधांचा जन्मच मुळी १९५० नंतरच्या दशकातला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात १९५२ मध्ये इप्रोनियाझिड देऊन पाहिले, तेव्हा रोग्यांची मने अवचित उल्हसित झाली; आणि १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण जगापुढे मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, इमिप्रामीन थांबवल्यावर रोग्यांना होणाऱ्या त्रासाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. म्हणजे औषध आणि त्याची उतरण जवळजवळ जुळी भावंडे. एकाचे बारसे थाटात झाले; दुसऱ्याला घरात कोंडून ठेवले.

पुढे १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली आणि नव्या पिढीच्या गोळ्यांचा जगभर सुकाळ झाला. त्या सोडणाऱ्यांच्या तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा १९९६ च्या अखेरीस अमेरिकेत काही तज्ज्ञ एका औषधकंपनीच्या खर्चाने एकत्र बसले आणि या त्रासाला ‘डिस्कंटिन्युएशन सिंड्रोम’ असे गुळगुळीत नाव रूढ झाले. दारू, अफू उतरताना होतो त्याला एक शब्द, आणि आमच्या गोळीला दुसरा, सभ्य शब्द! इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेत २०१९ पर्यंत असे लिहिलेले होते, की हा त्रास साधारणतः सौम्य असतो व आठवड्याभरात आपोआप शमतो. त्या वर्षी ते वाक्य बदलावे लागले. काहींना तो तीव्र होतो आणि लांबतो, हे मान्य करावे लागले. ते बदलले कशामुळे? ज्यांनी सोसले त्यांनी गप्प बसण्याचे नाकारले, म्हणून.

आता मेहुण्यांचा मुद्दा. हे व्यसन आहे काय? व्यसनात माणूस वस्तूच्या मागे धावतो, मात्रा वाढवत नेतो, तिच्यासाठी घरातली भांडी विकतो. मी त्या गोळीपासून पळू पाहत होतो. शरीराला एका औषधाची सवय होणे निराळे आणि मनाला त्याची लालसा जडणे निराळे. दम्यासाठी दीर्घकाळ घेतलेले प्रेड्निसोलोन एकाएकी थांबवत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर हृदयाला धोका होतो, म्हणून त्याही हळूहळू उतरवतात. तिथे कुणी “मन घट्ट कर” असे सांगत नाही. मग मेंदूचे औषध उतरवतानाच शरीराचे नियम कुठे जातात?

आणि हे उतरवायचे कसे, हे मुळी गणित आहे; म्हणून तर मला अधिक चीड येते. मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य परत शोषून घेणारी जणू दारे असतात. या गोळ्या ती दारे अडवतात. माझ्या गोळीची थोरली बहीण सिटालोप्राम. तिचा हिशेब मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. पैकी होरोविट्झ यांनी ही उतरण स्वतः सोसलेली आहे. ४० मिलिग्रॅमने शंभरातली सुमारे ८६ दारे अडतात. मात्रा निम्मी करून २० वर आणा. तरी ८० अडलेलीच. सुमारे साडेपाचावर या, ६०. पण निम्मीच दारे अडलेली हवी असतील तर मात्रा साडेतीनाखाली न्यावी लागते, आणि वीसच हवी असतील तर एक मिलिग्रॅमच्याही खाली. आलेखावर ही सरळ रेषा नव्हे. शाळेत अपास्त म्हणून जो वक्र शिकवतात त्याच्या जातीची ही घसरण आहे. वरचा मोठा उतार पायाला जाणवत नाही आणि शेवटच्या टीचभर जागेत कडा तुटलेला असतो. “अर्धी घ्या आणि मग बंद” म्हणणारा माणूस आपल्याला त्या कड्यावर नेऊन “आता चाला” म्हणतो. एक दिवसाआड गोळी घेणे तर त्याहून वाईट : माझ्या गोळीचा रक्तातला अंश सव्वा दिवसाच्या आसपास निम्मा होतो, पॅरोक्सेटीनचा सुमारे एका दिवसात, व्हेन्लाफॅक्सीनचा काही तासांतच. म्हणजे मेंदूला रोज आड झोका देणे. फ्लुओक्सेटीन मात्र शरीरातून फार संथपणे जाते, म्हणून त्याची उतरण पुष्कळांना सोपी पडते.

आपल्याकडे या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून आपल्या देशात सर्रास विकतात. क्लोनाझेपाम हे झोपेच्या व धास्तीच्या औषधांच्या कुळातले; त्याची सवय लवकर जडते आणि ते एकाएकी तोडले तर अंग थरथरते, क्वचित झटकेही येतात. आमच्या शाळेतले एक लेखनिक सहा वर्षे अशी जोडगोळी दिवसातून दोनदा घेत होते, आणि आपण दोन औषधे घेतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. पुतणीच्या लग्नाला गेले, पाहुण्यांनी पाहू नये म्हणून पट्टी घरीच ठेवली. तिसऱ्या रात्री छाती धडधडू लागली, हात कापू लागले. हृदयविकार समजून वऱ्हाडाच्याच गाडीतून रुग्णालयात नेले. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. प्रत्यक्षात रिकामी पट्टी दाखवली की भरलेली मिळते, हे मी स्वतः वर्षानुवर्षे केले आहे. शिरण्याचे दार असे सताड उघडे!

माझ्या विरुद्ध पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात, हा त्रास एवढा मोठा नाही. २०१९ च्या एका आढाव्यात निम्म्याहून अधिकांना तो होतो असे निघाले होते; २०२४ च्या दुसऱ्या, अधिक काटेकोर आढाव्यात औषधामुळेच होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे पस्तीस जणांत एकाला, असे निघाले. ठीक आहे, मी लहान आकडा घेतो. जरी त्यातल्या पुष्कळ प्रयोगांत माणसांनी औषध थोडेच महिने घेतलेले होते आणि आमच्याकडे ते वर्षानुवर्षे चालते. पस्तीस जणांत एक म्हणजे माझ्या साठ मुलांच्या वर्गात दोन. दोन मुले पुरात वाहून जात असतील तर बाकीची अठ्ठावन्न काठावर सुखरूप आहेत, असे सांगून कोणत्या मास्तराने घरी जावे?

दुसरे म्हणतात, असे लिहिल्याने लोक औषधच घेणार नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये दिसून आले, की निरनिराळ्या मनोविकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रोग्यांना उपचारच मिळत नाहीत. ही भीती मला पटते. पण लोक घाबरतात ते खरे ऐकून नव्हे. शेजारच्याने गोळी सोडली, त्याला भलतेच काही झाले, आणि का झाले ते कुणीच सांगितले नाही, म्हणून ते घाबरतात. उलट औषध सोडणे सर्वांना लाभतेच असेही नाही. इंग्लंडात ४७८ रोग्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात ३९ टक्क्यांचा आजार उलटला, थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचा. म्हणजे काहींनी ती घेत राहणे हेच शहाणपणाचे, आणि त्यात लाज कसली? मधुमेहाच्या गोळीला आपण लाजतो का?

माझे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. पुण्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी माझे सारे ऐकून घेतले, तासभर. मग म्हणाल्या, “गुरुजी, तुमचा तर्क बरोबर आहे. पण घाई करायची नाही.” २०२४ च्या गुढीपाडव्याला आम्ही सुरुवात केली. २० वरून १५, मग १०, साडेसात, ५. आणि खरी परीक्षा तिथून खाली. आमच्या गावच्या दुकानात पाचाखालची गोळी नव्हती. बाईंनी औषध पातळ करून बारीक मोजण्याची रीत लिहून दिली आणि समोर बसवून करून दाखवली. ती रीत मी इथे देत नाही, कारण प्रत्येक औषधाची निराळी. काही गोळ्या व कॅप्सूल सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर अनर्थ होतो. दर पायरीला महिना, कधी दीड. जुन्या हजेरीपत्रकात मी रकाने आखले : झोप, घेरी, झटके, राग. रागाचा रकाना सूनबाई भरते, कारण त्या विषयात माझा स्वतःवर विश्वास नाही. तीन मिलिग्रॅमवर पुन्हा विजा चमकल्या. बाईंनी एक पायरी वर नेऊन दोन महिने थांबवले. थांबणे म्हणजे नापास होणे नव्हे, हे मला साठीनंतर शिकावे लागले.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या मी मोठ्याने करतो. डॉक्टरांनो, पहिली गोळी लिहाल त्याच दिवशी ती कशी उतरेल तेही लिहून द्या, आणि सोडताना त्रास झाला तर आधी ‘आजार उलटला’ म्हणण्यापूर्वी तारखा विचारा. औषध बनवणाऱ्यांनो, नेदरलँड्समध्ये दिवसागणिक कमी होत जाणाऱ्या मात्रांच्या पट्ट्या मिळतात. मग आमच्या म्हाताऱ्या हातांनी पाचाच्या गोळीचे सुरीने तुकडे का करावेत? बारीक मात्रा आणि थेंब गावोगावच्या दुकानांत आणा. आणि घरच्या माणसांनो, “सोड त्या गोळ्या” असे फराळाच्या ताटावर बसून सांगू नका. सोडायच्या असतील तर किती महिने सोबत कराल, ते आधी सांगा.

हा लेख वाचून कुणीही आज रात्री आपली गोळी बंद करू नये. तसे झाले तर मी ज्यांच्याशी भांडतो आहे त्यांच्यातच जमा होईन. आणि उतरताना जीव नकोसा वाटू लागला, तर ती वेळ मनाचा खंबीरपणा दाखवण्याची नाही. त्याच रात्री कुणाला तरी उठवा, डॉक्टर गाठा. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून चालवलेला टेलिमानस १४४१६ हा दूरध्वनी त्यासाठीच आहे.

मी आज अर्ध्या मिलिग्रॅमवर आहे. दिवाळीत काही बदल करायचा नाही असे बाईंनी बजावले आहे. पुढची पायरी तुळशीच्या लग्नानंतर. ती शेवटची ठरेल की मला परत वर यावे लागेल, हे मी आज सांगू शकत नाही. नातू आता नऊ वर्षांचा झाला. काल त्याने फुलबाज्यांचे खोके आणले, आणि माझ्याकडे जरा बिचकून पाहत विचारले, “आबा, तुमच्याजवळ लावू का, की अंगणात?” चार वर्षे झाली, पण तो विसरलेला नाही. त्याला मी म्हटले, “इथेच लाव, मी धरतो.” हजेरीपत्रकात रागाच्या रकान्यात सूनबाईने काल काही लिहिले नाही.